बालपणातील एक्झिमा आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्झिमा असलेल्या मुलांच्या पालकांकडून आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे क्रमांक देऊन एकत्र केले आहेत. आधी आजाराची ओळख, मग रात्र, मग वर्ग आणि शेवटी अडचणीचे अपवाद असा क्रम आहे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तिथे केवळ क्रमांक दिला आहे. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे मात्र मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

१. एक्झिमा, इसब आणि अ‍ॅटोपिक डर्माटायटिस ही एकाच आजाराची नावे आहेत का?

बोलण्यात ती एकाच अर्थाने वापरली जातात आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. काटेकोरपणे पाहिले तर एक्झिमा किंवा इसब हे त्वचेच्या दाहाच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे आणि मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा त्यातला प्रकार म्हणजे अ‍ॅटोपिक डर्माटायटिस. या पानावर एक्झिमा हा शब्द त्याच अर्थाने आला आहे. अनेक देशांत साधारण पाच ते सात मुलांमागे एकाला तो केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांमध्ये त्याची सुरुवात पाच वर्षांच्या आतच होते. तान्हेपणी तो गालांवर दिसतो. शाळेच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, मनगटावर आणि मानेवर ठाण मांडतो.

घोटाळा होतो तो नायटा आणि खरूज यांनाही सरसकट इसब म्हटले जाते तेव्हा. नायटा बुरशीमुळे होतो, खरूज सूक्ष्म किडीमुळे होते, आणि दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एक्झिमाचे उरलेले स्टेरॉइड मलम नायट्यावर लावले तर तो पसरतो. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

२. हा आजार का होतो, आणि शेजारी बसणाऱ्या मुलाला त्याची लागण होऊ शकते का?

लागण होत नाही. हात धरल्याने, एका बाकावर बसल्याने, खेळताना अंगाला अंग लागल्याने किंवा पेन्सिल वापरल्याने एक्झिमा कोणालाही होत नाही.

त्याचे मूळ दोन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे त्वचेचा वरचा थर कमकुवत असतो. त्यातून पाणी उडून जाते आणि साबण, धूळ, जंतू यांना आत शिरायला वाव मिळतो. दुसरे म्हणजे अशा त्वचेखालची प्रतिकारयंत्रणा थोड्याशा कारणाने खवळते. फिलॅग्रिन नावाचे प्रथिन वरचा थर घट्ट ठेवते. त्याच्या जनुकातील दोष आणि एक्झिमा यांचा संबंध २००६ साली स्पष्ट झाला. ज्या घरात दमा, परागकणांची अ‍ॅलर्जी किंवा एक्झिमा आहे, त्या घरातल्या मुलांमध्ये तो अधिक दिसतो. अस्वच्छता हे त्याचे कारण नाही. किंबहुना साबणाने घासून घासून अंघोळ घातली तर तो वाढतो.

३. शिक्षक म्हणतात, “अंगावर लाल काही दिसत नाही, मग एवढी खाज कशाची?” त्यांना काय सांगावे?

लाली गोऱ्या त्वचेवर ठळक दिसते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तोच दाह तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. काही मुलांमध्ये तर चट्ट्यांऐवजी नुसते बारीक, खरखरीत पुरळ असते. अशा त्वचेचा एक्झिमा आहे त्यापेक्षा सौम्य समजला जाण्याचा धोका असतो. डोळ्यांपेक्षा येथे बोटांवर विश्वास ठेवावा: कोपराच्या खळग्यावरून बोट फिरवले की जाड, कोरडी, रेघारेघांची कातडी हाताला लागते.

४. थोडीशी खाज तर आहे. तिचा अभ्यासाशी एवढा काय संबंध?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून याचे उत्तर लांबले आहे. संबंध आहे, आणि तो मुख्यतः रात्रीतून येतो.

रात्री त्वचा उबदार होते, तिच्यातून पाणी अधिक वेगाने उडते, दाहाला आवर घालणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी खालावते आणि मन गुंतवायला दुसरे काहीच नसते. त्यामुळे दिवसा जेमतेम जाणवणारी खाज अंथरुणात अनावर होते. मूल खाजवते, खाजवल्याने त्वचा सोलवटते आणि सोलवटलेली त्वचा अधिक खाजते. यातली फसवी बाब अशी की प्रत्येक वेळी मूल पूर्ण जागे होत नाही. ते डोळे मिटूनच खाजवत राहते, झोप क्षणभर उथळ होते, पुन्हा लागते, पुन्हा तुटते, आणि पालक मात्र प्रामाणिकपणे सांगतात की मूल रात्रभर झोपले होते. खरी हकिकत सकाळी अंथरुणात दिसते: चादरीवर गुडघ्यांच्या उंचीला रक्ताचे मोहरीएवढे ठिपके, उशीच्या अभ्र्यावर पांढरा कोंडा आणि मुलाच्या नखांत अडकलेल्या खपल्या.

असे मूल पहिल्या तासाला वर्गात असते ते शरीराने. नव्याने शिकवलेली गोष्ट मनात पक्की होण्यासाठी झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी लक्ष टिकवण्यासाठीही तीच लागते. मुलाचे दोन्हीकडून नुकसान होते. त्यातच ते चिडचिडे होते, पाठांतर विसरते, आकडेमोडीत सोप्या चुका करते. प्रगतिपुस्तकावर मग “लक्ष देत नाही” असा शेरा येतो आणि घरी त्याबद्दल बोलणी बसतात.

खाजेमुळे वर्गात लक्ष उडणे, दवाखान्यासाठी बुडणारे दिवस, लिहिताना दुखणारी बोटे (प्रश्न १४) आणि चिडवाचिडवी (प्रश्न १३) ही बाकीची कारणे आहेत. तीही खरी आहेत, पण माझ्या मते आधी रात्र सुधारावी. मग दिवसाचे किती प्रश्न उरतात ते पाहावे.

५. एक्झिमामुळे बुद्धी कमी होते का?

नाही. सौम्य एक्झिमा असलेली, नीट झोपणारी मुले अभ्यासात इतरांसारखीच असतात. प्रश्न येतो तो मध्यम आणि तीव्र आजारात, आणि तिथेही मुलाच्या कुवतीपेक्षा ती वापरता न येण्याचाच तो असतो.

डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात एक्झिमाचे निदान झालेल्या मुलांमध्ये शालेय शिक्षणाचा टप्पा पूर्ण न होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे अधिक आढळले. पण त्याच मुलांची तुलना त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केल्यावर हा फरक बराच कमी झाला. म्हणजे फरकाचा एक वाटा घरच्या परिस्थितीचाही होता. शिवाय रुग्णालयापर्यंत पोहोचणारा एक्झिमा बहुधा तीव्र असतो, त्यामुळे हा निष्कर्ष कोपरावर एखादा चट्टा असलेल्या मुलाला लावू नये.

६. मूल एका जागी बसत नाही. शाळेला अतिचंचलतेची शंका आहे. हे एक्झिमामुळे असेल का?

असू शकते, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. मोठ्या पाहणींमध्ये एक्झिमा आणि अवधानाच्या अडचणी यांचे नाते पुन्हा पुन्हा दिसले आहे, विशेषतः ज्या मुलांची झोप मोडते त्यांच्यात. अपुऱ्या झोपेचे मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही. ते उलट अधिक उड्या मारते, मध्येच बोलते, वस्तू पाडते. त्यातच खाज लपवण्यासाठी ते बाकाच्या कडेला पाठ घासते आणि मांडीखाली हात घालून बसते.

म्हणून तपासणी टाळू नये, पण क्रम पाळावा. त्वचेचे उपचार नियमित करून चार ते सहा आठवडे शांत झोपेचे मिळाले आणि तरीही चुळबुळ तशीच राहिली, तर अतिचंचलतेच्या निदानाला अर्थ आहे. तपासणाऱ्या तज्ज्ञांना एक्झिमाबद्दल आणि रात्रीच्या औषधांबद्दल (प्रश्न ७) आवर्जून सांगावे.

७. रात्रीची खाज थांबावी म्हणून झोप आणणारे खाजेचे औषध रोज द्यावे का?

डॉक्टरांनी मोजक्या रात्रींसाठी दिले असेल तर द्यावे. आपल्या मनाने रोज देऊ नये. ही औषधे हिस्टामिन या अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाला रोखतात; एक्झिमाच्या खाजेत त्याचा वाटा मर्यादित असल्याने ती खाज फारशी थांबवत नाहीत, ती मुख्यतः गुंगी आणतात. गुंगी सकाळपर्यंत उरली तर ज्या वर्गासाठी हा खटाटोप केला, तिथेच मूल जांभया देत बसते.

खरा उपाय दाह विझवण्याचा आहे (प्रश्न ८ आणि ९). त्याला जोड म्हणून खोली थंड ठेवावी, पांघरूण हलके असावे, कपडे सुती असावेत आणि नखे आठवड्यातून दोनदा कापावीत. मॉइश्चरायझर झोपण्याच्या अर्धा-एक तास आधी लावावे, म्हणजे अंग चिकट आणि गरम असताना अंथरुणात शिरावे लागत नाही. आजार भडकला असेल तर डॉक्टर ओल्या पट्ट्यांचा उपचार सुचवतात. तो त्यांनी दाखवल्याशिवाय करू नये, कारण पट्टीखाली औषध त्वचेत अधिक शोषले जाते.

सुधारणा मोजायची असेल तर रात्री मोजाव्यात. एक्झिमासाठी पोएम नावाची सात प्रश्नांची गुणपद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात गेल्या आठवड्यातील किती रात्री झोप बिघडली हा एक प्रश्न आहे. एकूण गुण ० ते २८ असतात आणि ८ ते १६ गुणांचा आजार मध्यम, तर १७ आणि त्यापुढचा तीव्र धरतात. “बरे आहे” असे डॉक्टरांना सांगण्यापेक्षा “सातपैकी पाच रात्री झोप मोडली” असे सांगितले तर उपचार लवकर बदलतात.

८. शाळेच्या सकाळी कोणते मॉइश्चरायझर लावावे आणि किती?

मूल लावू देईल ते. ही पळवाट नव्हे. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची १६ आठवडे तुलना केली गेली आणि परिणामात फरक आढळला नाही. त्यामुळे शाळेच्या दिवशी हलके क्रीम आणि रात्री घट्ट मलम अशी वाटणी करायला हरकत नाही. सुगंधी उत्पादने मात्र टाळावीत.

प्रमाण बहुतेक घरांत फार कमी असते. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागते. महिनाभर पुरलेली छोटी ट्यूब म्हणजे पुरेसे न लावल्याचा पुरावा समजावा. केसांच्या दिशेने, न चोळता लावावे. डबा असेल तर त्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढावे, कारण एक्झिमाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जंतूंचा वावर असतो. अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलकट द्रवांचा, इतर उपचार चालू असताना, वेगळा फायदा होत नाही हे २०१८ साली ४८२ मुलांवरील चाचणीत दिसले. त्यांवरचा खर्च वाचवावा.

सकाळची वेळही महत्त्वाची आहे. गणवेश चढवण्याच्या पंधरा मिनिटे आधी लावले नाही तर काय होते, ते वही उघडली की कळते: मनगट टेकते तिथे कागदावर अर्धपारदर्शक तेलकट डाग पडतो आणि त्या डागावर बॉलपेनची शाई धरत नाही. ओळीच्या मधलीच दोन अक्षरे गायब होतात, मूल ती गिरवते, कागद फाटतो. अशा वह्यांवर “अक्षर सुधारा” असा शेरा मी स्वतः दिलेला आहे. कारण मला पुष्कळ उशिरा समजले. लिहिणाऱ्या हाताखाली टीपकागद किंवा जुन्या वहीचे पान ठेवले की हा प्रश्न मिटतो.

९. स्टेरॉइड मलमाची भीती वाटते. त्याशिवाय भागणार नाही का?

सौम्य आजारात नुसत्या मॉइश्चरायझरवर भागू शकते. भडकलेल्या चट्ट्यावर मात्र ते पुरत नाही आणि भीतीपोटी पुसट थर लावून चालढकल केली की आठवड्यात संपणारा भडका दोन महिने रेंगाळतो. शाळा बुडते ती या दोन महिन्यांत. त्वचा पातळ होण्याचा धोका खरा आहे, पण तो प्रामुख्याने तीव्र मलम, चेहऱ्यासारख्या नाजूक जागी, देखरेखीशिवाय दीर्घकाळ लावल्याने येतो.

प्रमाणासाठी मोठ्या माणसाच्या बोटाचे पेर धरतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरते. काही मुलांचा आजार त्याच जागी वारंवार उलटतो. त्यांना त्वचा निवळल्यावरही आठवड्यातून सलग दोन दिवस मलम लावायला सांगतात. त्यासाठी शाळेला सुटी असलेले दिवस निवडले तर विसर पडत नाही.

चेहऱ्यासाठी किंवा पापण्यांसाठी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइडविरहित मलमही दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याची ०.०३ टक्क्यांची तीव्रता असते. पहिले काही दिवस ते चुरचुरते, म्हणून शक्य असेल तर परीक्षेच्या आठवड्यात त्याची सुरुवात करू नये.

१०. शाळेत मधल्या वेळेत मलम कोणी लावावे?

स्टेरॉइड मलम सहसा दिवसातून एकदा किंवा दोनदाच लागते, त्यामुळे ते घरीच उरकता येते. शाळेत पाठवायचे ते फक्त मॉइश्चरायझर, छोट्या डबीत, नाव लिहून. सहा-सात वर्षांचे मूल हातांना आणि कोपरांना स्वतः लावू शकते. त्याला पाच मिनिटे आणि आरशाशिवाय कोणी बघणार नाही अशी जागा लागते. त्याहून लहान मुलासाठी कोण मदत करील हे शाळेकडून आधी ठरवून आणि पालकांची लेखी संमती देऊन घ्यावे.

११. वर्गशिक्षकांना नेमके काय सांगावे?

वर्ष सुरू होतानाच, अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. आजाराची माहितीपत्रके जोडू नयेत. ती वाचली जात नाहीत. पुढील मजकूर नमुना म्हणून वापरता येईल.

“माझ्या मुलीला एक्झिमा आहे. तो संसर्गजन्य नाही. खाज सुटली की तिला ‘खाजवू नकोस’ असे म्हणू नये. त्याऐवजी हातात काहीतरी काम द्यावे किंवा क्रीम लावण्यासाठी बाहेर जाऊ द्यावे. रात्री झोप झाली नसेल त्या दिवशी मी वहीत तशी खूण करीन. त्या दिवशी तिला पहिल्या तासाला उत्तर द्यायला उभे करू नये. चट्ट्यांतून पू किंवा पाणी येताना दिसल्यास मला कळवावे.”

“खाजवू नकोस” हे वाक्य मुद्दाम घातले आहे. ते दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या मुलाला खाज तर सुटतेच, वर आपण काही गुन्हा करत आहोत असेही वाटू लागते.

१२. गणवेश, बसण्याची जागा, खडू, रंगकाम, खेळ आणि पोहणे यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

गणवेशाचे कापड कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे असेल तर आत सुती बनियन किंवा लेगिंग घालू द्यावे आणि मानेमागची चिठ्ठी उसवून टाकावी. रेशमी उपचार-कपडे विकत घेण्याची गरज नाही. ३०० मुलांवरील २०१७ सालच्या चाचणीत त्यांचा वेगळा लाभ दिसला नाही. जागा उन्हाच्या खिडकीपासून आणि हीटरपासून दूर असावी. खडूने हात कोरडे पडतात, म्हणून फळा पुसण्याचे काम अशा मुलाला देऊ नये. रंग, चिकणमाती किंवा वाळूत हात घालण्यापूर्वी क्रीमचा थर द्यावा आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन पुन्हा लावावा. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर भेगांवर भयंकर झोंबतो. साबणाऐवजी वापरायचे सौम्य क्लिन्झर घरून पाठवावे.

खेळ बंद करू नये. घाम चुरचुरतो हे खरे, पण त्यावर उपाय म्हणजे खेळ संपल्यावर घाम टिपणे किंवा अंग धुणे आणि कपडे बदलणे. पोहण्यापूर्वी मॉइश्चरायझर लावावे आणि बाहेर येताच क्लोरीनचे पाणी धुऊन पुन्हा लावावे. अंगावर उघड्या जखमा असतील तेवढे दिवस पोहणे थांबवावे.

१३. वर्गातली मुले हात धरत नाहीत, नावे ठेवतात. काय करावे?

प्रथम शिक्षकांना तारीख आणि प्रसंग यांसह सांगावे. मुले त्रास देतात असे मोघम सांगितले की ते विरून जाते. वर्गाला समजावताना त्या मुलाला उभे करून त्याचे हात दाखवू नयेत. त्वचेचे आजार हा विषय सगळ्यांसाठी शिकवावा आणि लागण होत नाही हे वाक्य शिक्षकांनी स्वतः म्हणावे, कारण तेच वाक्य मुलाने म्हटले तर तो स्वतःचा बचाव वाटतो.

घरी एका ओळीचे उत्तर पाठ करून घ्यावे: “मला एक्झिमा आहे, तो तुला होणार नाही.” आठ वर्षांच्या मुलाला याहून लांब उत्तर भर मैदानात आठवत नाही. शाळेत जायच्या वेळी पोट दुखणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा हट्ट, मित्रांची नावे बोलण्यातून गळणे ही लक्षणे दिसली तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

१४. बोटांना भेगा पडल्या आहेत आणि परीक्षा आली आहे. सवलत मिळू शकते का?

अनेक शिक्षण मंडळांत वैद्यकीय कारणासाठी वाढीव वेळ, मध्ये विश्रांती किंवा लेखनिक यांची तरतूद असते. पण अर्जाची मुदत बहुधा परीक्षेच्या बरीच आधी संपते. म्हणून भेगा पडण्याची वाट न पाहता, दरवर्षी हातांवर आजार उलटणाऱ्या मुलाने वर्षाच्या सुरुवातीलाच चौकशी करावी. डॉक्टरांच्या दाखल्यात केवळ “एक्झिमा आहे” असे लिहून भागत नाही. किती मिनिटे सलग लिहिता येते, कोणता हात, भेगा कुठे, हे त्यात असावे.

लेखनिकापेक्षा विश्रांती आणि वाढीव वेळ बहुतेक मुलांना सोयीची पडते, कारण दुसऱ्याला सांगून उत्तर लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते एका आठवड्यात येत नाही. रात्री भेगांवर घट्ट मलम लावून सुती हातमोजे घालावेत, जाड आणि मऊ पकडीचे पेन वापरावे. परीक्षेच्या ताणाने आजार भडकतो हेही खरे आहे, म्हणून नियमित उपचार त्या काळात अभ्यासासाठी बाजूला ठेवू नयेत.

१५. मुलाला शाळेत पाठवू नये, असे दिवस कोणते?

नुसत्या एक्झिमासाठी घरी ठेवण्याचे वैद्यकीय कारण नसते. रात्र फार वाईट गेली असेल तर उशिरा पाठवणे हे पूर्ण गैरहजेरीपेक्षा चांगले. तशी मुभा शाळेकडून आधी मागून ठेवावी.

चट्ट्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या, पू झाला, वेदना वाढल्या तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवावे. इम्पेटायगोचे, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या त्वचेच्या जंतुसंसर्गाचे, निदान झाल्यास प्रतिजैविके सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत किंवा फोड सुकेपर्यंत घरी राहण्याचा प्रघात आहे.

एक स्थिती तातडीची आहे. एकसारख्या आकाराचे छोटे, पाणीदार फोड किंवा खोदल्यासारख्या गोल जखमा झपाट्याने पसरू लागल्या, ताप आला आणि मूल मलूल झाले, तर ती एक्झिमावर पसरलेली हर्पिसची लागण असू शकते. तिच्यात विषाणूविरोधी औषध ताबडतोब लागते, आणि फोड डोळ्याजवळ असतील तर दृष्टीला धोका असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. ओठावर असे पाणीदार फोड उठलेल्या व्यक्तीने एक्झिमाच्या मुलाचा मुका घेऊ नये.

१६. शाळेत लसीकरण आहे. एक्झिमा असताना लस द्यावी का?

द्यावी. नेहमीच्या लसी एक्झिमामुळे टाळायच्या नसतात. सुई शक्यतो चट्टा नसलेल्या जागी टोचावी. प्रतिकारशक्ती दडपणारी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर जिवंत विषाणूंच्या लसीआधी डॉक्टरांना विचारावे.

१७. दूध, अंडी, शेंगदाणे बंद केले तर खाज जाईल का? शाळेला तसे कळवावे का?

तपासणीशिवाय पदार्थ बंद करू नयेत. तान्हेपणी तीव्र एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये अन्नाची अ‍ॅलर्जी अधिक आढळते हे खरे, पण बहुतेक शालेय मुलांचा एक्झिमा अन्नामुळे नसतो. अनावश्यक पथ्याने वाढ खुंटते, आणि मुलाला डबा वाटून खाता येत नाही ही वेगळीच शिक्षा होते. शिवाय जो पदार्थ मूल आजवर पचवत होते, तो दीर्घकाळ बंद ठेवल्यावर पुन्हा दिल्यास तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवल्याचीही उदाहरणे आहेत. काही खाल्ल्यावर लगेच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी किंवा धाप असे झाले असेल, तर मात्र ती अ‍ॅलर्जी समजून तपासणी करावी आणि शाळेला लेखी कळवावे.

१८. गालांवर फिकट डाग राहिले आहेत. लोक त्याला कोड म्हणतात. खरे आहे का?

बहुधा नाही. एक्झिमा निवळल्यावर त्या जागेचा रंग काही महिने फिका राहतो. गालांवरच्या किंचित कोंडा असलेल्या अशा डागांना पिटिरायसिस अल्बा म्हणतात. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे आणि स्पष्ट कडेचे असतात. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ विशिष्ट दिव्याखाली लगेच सांगू शकतात.

१९. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काही विशेष धोका आहे का?

आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. मॉइश्चरायझर मुरलेले कापड वाळल्यावरही सहज पेट घेते. पॅराफिन नसलेल्या क्रीमलाही हे लागू आहे. धुतल्याने तो अंश कमी होतो, पण पूर्ण जात नाही. बर्नरजवळ काम करताना बाह्या दुमडाव्यात, धुतलेला अ‍ॅप्रन घालावा, आणि ज्या दिवशी हा तास असेल त्या दिवशी बाह्यांखाली भरपूर मलम लावू नये.

२०. सगळे नियमित करूनही आजार आटोक्यात नाही. पुढे काय?

आधी खरोखर सगळे नियमित होते का, ते प्रश्न ८ आणि ९ मधील प्रमाणांशी ताडून पाहावे. होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढचे उपचार आहेत. प्रकाशोपचार, म्हणजे त्वचेवर मोजून अतिनील किरण सोडणे, परिणामकारक असतो, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक आठवडे जावे लागते; शाळेच्या वेळेबाहेरची वेळ मिळते का ते आधी विचारावे. ड्युपिलुमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२२ साली सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. ते दोन किंवा चार आठवड्यांनी दिले जाते. असे उपचार मागताना गैरहजेरीचे दिवस आणि मोडलेल्या रात्री यांची नोंद सोबत न्यावी, कारण चट्टे किती जागेवर आहेत एवढ्यावरून मुलाचे शिक्षण किती अडले ते कळत नाही.

२१. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि शाळेत कोणालाही कळू नये असा त्याचा हट्ट आहे. तरीही शिक्षकांना सांगावे का?

प्रश्न ११ मधील सल्ल्याला हा अपवाद आहे. या वयात त्याच्या पाठीमागे चिठ्ठी दिली आणि ती त्याला कळली, तर मलम लावणेही बंद होते. असे घडलेले अनेक पालकांनी कळवले आहे. सुरक्षेच्या दोन गोष्टी, म्हणजे अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास ती आणि प्रयोगशाळेतील धोका, या शाळेला कळवाव्याच लागतात आणि तसे त्याला आधी सांगावे. बाकी चिठ्ठीचा मसुदा त्याच्यासमोर ठेवून त्याला हव्या त्या ओळी खोडू द्याव्यात आणि ती कोणत्या एका शिक्षकाला द्यायची, हेही त्यालाच ठरवू द्यावे. बहुतेक मुले “खाजवू नकोस म्हणू नये” ही ओळ ठेवतात.